मुलाचं काहीतरी बिनसलंय, हे तुम्ही कशावरून ओळखता?

खडूफळा
नमस्कार मंडळी. नाशिकरोडला मी घरीच आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. बरीच वर्षं घेते आहे. हल्ली मुलांच्या गणितापेक्षा मुलांचीच काळजी जास्त वाटते, म्हणून हा धागा.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा दिवस पहाटे पावणेसहाला सुरू होतो. सातची शाळा, दुपारी घरी येऊन दोन घास, मग एक क्लास, मग दुसरा. माझ्याकडे सहाला येतात तेव्हा चेहरे पार उतरलेले असतात. एक मुलगी आहे नववीतली, हुशार. तिची वही बघितली तर जागोजागी कागद विरलेला. एकच आकडा पुन्हा पुन्हा खोडते, पार भोक पडेपर्यंत. उत्तर बरोबर असलं तरी खोडते. दुपारचा डबा संध्याकाळी माझ्याकडे तसाच भरलेला असतो. पूर्वी दारातून आत येईपर्यंत बडबड चालायची, आता विचारल्याशिवाय बोलत नाही. तिच्या आईशी बोलले. त्या म्हणाल्या, "पण मार्क तर चांगले आहेत ना, मॅडम?"

हे वाक्य मी सारखं ऐकते. माझं मत असं की मार्क सगळ्यात शेवटी घसरतात. त्याआधी झोप, जेवण, खेळ, मैत्री यातलं काहीतरी गेलेलं असतं, पण प्रगतिपुस्तकात त्याचा रकाना नाही.

तर प्रश्न दोन. तुमच्या घरात, वर्गात, शेजारात तुम्ही हे कशावरून ओळखलंत? आणि ओळखल्यावर पहिल्यांदा कोणाकडे गेलात? मुलांची आणि शाळांची नावं कृपया लिहू नका.

गंगापूररोडकर
फार गरजेचा धागा. वाचतोय.

प्राजक्ता_इंदिरानगर
माझा मुलगा सहावीत होता तेव्हाची गोष्ट. सकाळी पोट दुखायचं. ओवा झाला, हिंग झाला, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. घरात दोन पक्ष पडले: सासूबाई म्हणायच्या नजर लागली, हे म्हणायचे नाटकं करतोय. शेवटी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी एकच विचारलं, "रविवारी दुखतं का?"

रविवारी कधीच दुखत नव्हतं.

मग हळूहळू कळलं की शाळेच्या व्हॅनमध्ये मोठी मुलं त्याच्या रंगावरून त्याला एका नावाने हाक मारायची आणि डबा काढून घ्यायची. व्हॅनवाल्या काकांना माहीत होतं. शाळेत गेलो तर उत्तर मिळालं, मुलं आहेत, चालायचंच. तोंडी बोलून काही होईना म्हणून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि मुलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या अशी मागणी केली. ही समिती २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत असायला हवी, पण पालकांना तिचा पत्ताच नसतो. लेखी दिल्यावर चार दिवसांत व्हॅनमधल्या जागा बदलल्या.

डॉक्टरकाकू
प्राजक्ता, तुमच्या डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला. एक भर घालते: ते पोट खरंच दुखत असतं. भीती आणि ताणाने आतड्यांची हालचाल बदलते, मुलाला खऱ्या कळा येतात. म्हणून "नाटकं" हा शब्द घरातून हद्दपार करावा. मूल आधीच घाबरलेलं असतं, त्यात आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही हेही त्याच्या वाट्याला येतं.

खडूफळा यांनी झोप-जेवण-खेळ-मैत्री म्हटलंय, दवाखान्यात मीही तेच विचारते. एखादा दिवस सगळ्यांचाच वाईट जातो. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ हे बदल टिकले, एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी दिसायला लागले, की थांबू नये. लहान मुलांत ते वेगळ्या रूपात येतं: सुटलेली सवय परत येते, अंथरूण ओलं होतं, आईचा पदर सुटत नाही. चौदा-पंधराच्या मुलांत उदासीपेक्षा चिडचिड जास्त दिसते. आईवडील त्याला उद्धटपणा समजतात.

मात्र सगळं मनावर ढकलू नका. आधी साधी तपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, डोळ्यांचा नंबर. आपल्याकडे वयात येणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की "आळशी झालीये" म्हणून आणलेल्या मुलीला कधी कधी लोहाच्या गोळ्यांनीच बरं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो, आणि मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या अठराव्या वर्षाआधी सुरू होतात. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात आठ-नऊ जण. त्या वर्गाकडे या नजरेने बघा.

पंचवटीचे_आजोबा
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. आम्ही सात भावंडं. शाळा सुटली की दप्तर फेकून गांधी तलावात उड्या. मास्तर छडीने फोडायचे, घरी सांगितलं तर वडील आणखी दोन ठेवून द्यायचे. तरी आम्ही धडधाकट राहिलो. आता मुलाला जरा ओरडलं की समुपदेशक. इतकं जपून ठेवलेलं मूल उद्या नोकरीत साहेबाचं बोलणं कसं ऐकून घेणार?

सिडकोची_वहिनी
आजोबा, मान राखून बोलते. तुमच्याकडे सात भावंडं होती, वाडा होता, गोदामाई होती. वडिलांनी मारलं तर आत्या जवळ घ्यायची. आमच्याकडे आम्ही दोघं अंबडला शिफ्टमध्ये, मुलगा कुलूप उघडून घरात एकटा. जवळ घेणारी आत्या आता फोनवर असते, तीही पुण्याहून.

आणि तेव्हाही सगळेच धडधाकट राहिले का हो? आमच्या मामांच्या वर्गातला एक मुलगा छडीला घाबरून मनमाडला जाऊन गाडीत बसला, तो परत आलाच नाही. अशी मुलं तेव्हाही होती. त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, एवढंच. छडीचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला दोन्हीला बंदी आहे. बरं झालं.

मिसळप्रेमी
आमच्या घरची परीक्षा साधी. रविवारी सकाळी मिसळीला चला म्हटल्यावर पोरगी "तुम्ही जा" म्हणाली, की समजायचं प्रकरण साधं नाही. :)

हसू नका, गेल्या वर्षी असंच कळलं. नाशिकची पोर आणि तर्रीला नाही म्हणते? त्या दिवशी बायकोला आणि धाकट्याला पाठवलं, मी घरी थांबलो. काही विचारलं नाही, तिच्या खोलीतला पंखा पुसायला घेतला. अर्ध्या तासाने तिनेच स्टूल धरलं आणि बोलायला लागली. जिवलग मैत्रिणीने ग्रुपमधून काढून टाकलं होतं. आपल्याला क्षुल्लक वाटतं, पण तिच्या डबा खाण्यापासून घरी येण्यापर्यंतची सगळी सोबत एका बोटाने गेली होती.

गंगापूररोडकर
पंख्याचा उपाय आवडला. हात कामात असले की मुलं बोलतात. आमच्याकडे गाडीत बोलतो मुलगा. समोर बसवून "बोल आता" म्हटलं की कुलूप.

बारावी_चालू
मी बारावीत आहे, सीईटी देणार आहे. इथे सगळे काका-काकू बोलताहेत म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

आम्हाला काय नको ते सांगते. पाहुण्यांसमोर "हिचं हल्ली काय चाललंय कळत नाही" हे नको. "जेवलीस का?" च्या पाठोपाठ "टेस्ट कशी गेली?" नको, कारण मग जेवणाचा प्रश्नही टेस्टचाच वाटतो. "तुला काय कमी केलंय आम्ही?" हे तर अजिबात नको. काहीच कमी केलेलं नाही हे आम्हाला माहीत असतं, म्हणून तर आणखी अपराधी वाटतं.

बरं काय वाटतं? पप्पा कधी कधी रात्री नऊला स्कूटरवर सोमेश्वरपर्यंत नेऊन आणतात. अभ्यासाचा विषय काढत नाहीत. तेवढं खूप होतं.

एक विचारायचं होतं. समुपदेशकाकडे गेलं तर ते सगळं आईला सांगतात का? माझ्या एका मैत्रिणीला जायचं आहे पण याच भीतीने जात नाही.

मनमोकळं
बारावी चालू, लिहिलंस ते फार चांगलं केलंस. मी समुपदेशक म्हणून काम करते, तर तुझ्या मैत्रिणीसाठी सविस्तर सांगते.

तू जे बोलतेस ते समुपदेशकाकडेच राहतं. अपवाद दोन: तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगतो आणि घरी काही सांगायची वेळ आली तर आधी तुझ्याशी बोलतो. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या उपचारांना पालकांची संमती लागते, पण त्याचा अर्थ प्रत्येक वाक्य पालकांना कळवायचं असा नाही.

तिला आत्ता लगेच कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतही. संकटात असलेल्या कुठल्याही मुलासाठी १०९८. मूल स्वतः फोन करू शकतं.

पालकांसाठी: पहिलं दार आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांचं किंवा फॅमिली डॉक्टरांचं असलं तरी चालतं. सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयोगटासाठी किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मैत्री क्लिनिक चालतात, तिथे विचारा. समुपदेशक बोलून मदत करतो, मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतो आणि गरज असेल तर औषध देतो. कोणाकडे जायचं हे घरी बसून ठरवण्याची गरज नाही, एकाकडे गेलात की योग्य ठिकाणी पाठवतात. शाळेतही विचारा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा.

आता अवघड गोष्ट. मूल "माझा काही उपयोग नाही", "मी नसलो तर बरं होईल" असं बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर सरळ विचारा: "तुला जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. विचारल्याने मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर रागावू नका, शपथा घालू नका, मुलाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरातली औषधं, आणि शेती असेल तर फवारणीची औषधं, कुलपात ठेवा. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि त्याने खरोखर जीव वाचतात.

बारावी_चालू
थँक यू ताई. तिला हे सगळं जसंच्या तसं पाठवलं.

बागवाला_दिंडोरी
मनमोकळं ताईंचं वाचून उठलो आणि शेडमधल्या कपाटाला कुलूप लावून आलो, मग लिहायला बसलो.

आमच्याकडची मुलं क्लासने थकत नाहीत, घरातलं बोलणं ऐकून थकतात. ऐन माल भरायच्या वेळी अवकाळी पाऊस झाला की रात्री आम्ही नवरा-बायको सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याचं बोलत बसतो. पोरं झोपलीत असं आपल्याला वाटतं. परवा माझी चौथीतली मुलगी म्हणाली, "दादा, बाग विकली की आपण कुठे राहायचं?" बाग विकायचं कोणी बोललंही नव्हतं. तिने अर्धं ऐकून बाकीचं स्वतः रचलं.

तेव्हापासून आम्ही तिला सरळ सांगतो: यंदा माल कमी आहे, पैसे कमी येतील, सायकल पुढच्या वर्षी घेऊ, घर आपलंच आहे, शाळा तीच आहे. ती शांत झाली. लपवण्यापेक्षा तिला झेपेल एवढं सांगितलेलं बरं, असा आमचा अनुभव.

वसतिगृह_मास्तर_सुरगाणा
मी निवासी आश्रमशाळेत शिक्षक आहे. धाग्यात शहरातल्या मुलांचं बरंच आलं, आता डोंगरातल्या मुलांचं ऐका.

जूनमध्ये सहा-सात वर्षांची पोरं पत्र्याची पेटी घेऊन येतात. दिवसभर ठीक असतात. दिवेलागणीला एक रडायला लागतं, मग ओळीने सगळी. घरी कोकणी बोलणारं मूल वर्गात प्रमाण मराठीसमोर गप्प बसतं, त्याला आपण ढ ठरवून मोकळे होतो. अंथरूण ओलं होणं तर रोजचं. पूर्वी त्यावर मुलाला सगळ्यांसमोर चादर धुवायला लावत, ते आम्ही बंद केलं. आता कोणालाही न बोलता चादर बदलली जाते. दुसरं, नव्या मुलाची जागा त्याच्याच पाड्यावरच्या मोठ्या मुलाशेजारी लावतो. तिसरं, पहिले काही महिने वर्गात त्याच्या बोलीत बोललं तरी चालतं. मी स्वतः ती बोली शिकलो. मुलं माझे उच्चार ऐकून हसतात, आणि हसली की बोलायला लागतात.

अडतं ते दिवाळीनंतर. आईबाप द्राक्षाच्या कामाला खाली जातात, निफाडला, दिंडोरीला. रविवारी मुलांना फोन लावून देतो तर पलीकडे लागत नाही. रीचार्ज संपलेला असतो, नाहीतर फोन मुकादमाकडे. मूल फोनसमोर बसून राहतं आणि पुढचा आठवडाभर त्याचं लक्ष लागत नाही.

पंचवटीचे_आजोबा
सगळं वाचलं. सिडकोच्या सूनबाईंचं मनमाडचं वाक्य खरं आहे, आमच्या आळीतलाही एक असाच गेला. छडीबद्दल माझं म्हणणं मागे घेतो. पण एक म्हणणं सोडत नाही: मुलांना घरातलं काम द्या. दळण आणू दे, पाणी भरू दे, आजीच्या गोळ्या लावू दे. आपल्यावाचून कोणाचंतरी अडतं हे मुलाला कळायला हवं. आताच्या मुलांना अभ्यासाशिवाय काहीच करू देत नाहीत, मग अभ्यासात आपटलं की त्यांना वाटतं आपण सगळीकडूनच गेलो.

डॉक्टरकाकू
काका, या मुद्द्यावर शंभर टक्के तुमच्या बाजूने.

पेठरोड_रनर
अवांतर होईल, पण खेळावर कोणीच लिहीना. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं घाम येईल असं खेळावं, धावावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळी अनंत कान्हेरे मैदानावर या, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर. चालणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे. दहावीची मुलं कुठे आहेत? क्लासच्या जिन्यात. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक घेऊन आली. प्रत्येक मूल पदक आणणार नाही आणि आणायचंही नाही. पण नववी लागली की खेळ बंद, हा नियम कोणी केला?

गंगापूररोडकर
मैदानावर यायला मूल जागं तर हवं. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री उशिरापर्यंत झोपच येत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं. खरी गरज आठवी-दहावीच्या मुलांना जास्त आहे, आणि त्यांचीच शाळा सातला.

सिडकोची_वहिनी
आणि मोबाइल? त्यावर कोणी का बोलत नाही? रात्री एकपर्यंत अंगावर चादर घेऊन आत उजेड असतो.

मिसळप्रेमी
वहिनी, आमच्याकडे साडेदहाला चारही फोन स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी चार्जिंगला. आमचे दोघांचेही. पोरीची पहिली अट तीच होती.

शब्दांशी_झुंज
खडूफळा ताई, त्या खोडणाऱ्या मुलीबद्दल एक शक्यता मांडते. माझा मुलगा असाच खोडायचा. त्याला अध्ययन अक्षमता निघाली, सहा आणि नऊची अदलाबदल व्हायची, म्हणून स्वतःच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास नव्हता. सातवीपर्यंत आम्ही त्याला "लक्ष दे" एवढंच सांगत होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तिचं हे नसेलही, मार्क चांगले आहेत म्हणता. पण तपासायला सांगा.

खडूफळा
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

शब्दांशी झुंज, तिचे आकडे उलटे होत नाहीत, पण तुमची शक्यता तिच्या आईला सांगितली. डॉक्टरकाकूंचा प्रतिसाद त्यांना वाचायला दिला. वादाला जागा राहू नये म्हणून "मार्क" हा शब्दच काढला नाही. डबा आणि वही दोन्ही समोर ठेवली. त्या बराच वेळ वहीची पानं उलटत राहिल्या. म्हणाल्या, वही घरी कधी उघडून बघितलीच नव्हती. आधी रक्ततपासणी करणार आहेत, मग पुढचं. शनिवारचा क्लास बंद करायला वडील तयार नाहीत, तो विषय अजून सुटलेला नाही.

माझ्या हातातलं मी बदललं. निकाल आता मोठ्याने वाचत नाही. सहाला आल्यावर पहिली पंधरा मिनिटं खाणं, सगळ्यांनी मिळून. मी पोहे नाहीतर दाणे ठेवते. आणि सरावाची कामं पेनने करायची, चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. तिला हे अजून जड जातंय. काल तीन वेळा खोडरबर मागितला. दिला नाही, पण शेजारी जाऊन बसले.

मनमोकळं
ताई, शेजारी बसलात हे महत्त्वाचं. रबर एकदम बंद न करता आधी एका पानापुरतं ठरवून बघा, पान तिलाच निवडू द्या. आणि वडिलांना डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्यायला सांगा. क्लासबद्दल डॉक्टर बोलले तर बहुतेक ऐकतील.

खडूफळा
एका पानाचं आजच करून बघते.

बागवाला_दिंडोरी
सुरगाण्याचे मास्तर, दोन दिवस तुमचा प्रतिसाद डोक्यात आहे. माझ्या बागेत पेठ-सुरगाण्याकडच्या सात जोड्या आहेत. त्यांची मुलं कुठे शिकतात हे मी कधी विचारलं नव्हतं, काल विचारलं. दोघांची मुलं निवासी शाळेत आहेत, एक बहुतेक तुमच्याकडेच. रविवारी संध्याकाळी माझा फोन शेडमध्ये ठेवतो, रीचार्जची अडचण नाही. शेजारच्या दोन बागवाल्यांशीही बोललो, ते तयार आहेत. वेळ किती ते सांगा.

वसतिगृह_मास्तर_सुरगाणा
भाऊ, काय बोलू. आमच्याकडे सहा ते साडेसात बरं पडेल, सातला जेवणाची घंटा होते पण ती मागेपुढे करता येईल. व्हिडिओ कॉल होत असेल तर फार चांगलं, रेंज टाकीजवळ मिळते, मुलांना तिथे घेऊन जाईन. आईबापांची आणि पाड्यांची नावं व्यनि (खासगी निरोप) करा, मी हजेरीपटाशी ताडून कोणाचं कोण ते लावतो.

बागवाला_दिंडोरी
व्यनि केला आहे. येत्या रविवारी सहाला.